कस्टम कामाच्या कारखान्यात कॉस्टिंगला लागताना

सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) इंटर किंवा बीकॉम करून भोसरी-चाकणकडच्या एखाद्या फिक्श्चर (मशीनवर पार्ट पक्का धरून ठेवणारी चौकट) बनवणाऱ्या कारखान्यात कॉस्टिंगला, म्हणजे कुठल्या कामाला किती खर्च आला हे काढायला, लागणार असाल, तर सुरुवातीचे आठवडे टॅलीपेक्षा शॉप फ्लोअरवर जास्त काढा. इथे प्रत्येक ऑर्डरचं ड्रॉइंग वेगळं, कधी तर एकच नग. मटेरियलचा खर्च मालाचं चलन आणि वजन बघून पटकन सापडतो. मजुरी जॉब कार्डावर असते, म्हणजे त्या ऑर्डरवर कोणी किती तास काम केलं त्याच्या नोंदीत. (कार्डावर आठही तास कामाचे भरलेले दिसले तर समजायचं, त्या शिफ्टला चहा कोणीच प्यायलेला नाही.) खरी गोची ओव्हरहेडची. शेडचं भाडं, वीज, घसारा, मेंटेनन्स, सुपरवायझरचा पगार हे कुठल्या जॉबवर किती टाकायचं?

मी लागलो तेव्हा आमच्याकडे सरसकट हिशोब होता: मजुरीच्या २०० टक्के. सोपा, पण घातक. समजा तासाला १५० रुपये मजुरी आहे. फिटरने बाकावर ४० तास बसवलेल्या फिक्श्चरची मजुरी ६,००० आणि ओव्हरहेड १२,०००. व्हीएमसीवरच्या (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) १० तासांच्या जॉबची मजुरी १,५०० आणि ओव्हरहेड फक्त ३,०००. आता वीज कोण खातं, घसारा कोणाचा जास्त? बाकाला लागतो एक व्हाइस आणि ड्रिल. परिणाम असा की फिटिंगची कोटेशनं महाग म्हणून परत यायची, आणि व्हीएमसीची कामं धडाधड मिळायची. गिऱ्हाईक घासाघीस न करता पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) पाठवतंय, तर आधी आपला रेट तपासा.

यावर उपाय म्हणजे मशीन अवर रेट, म्हणजे मशीन तासभर चालवायचा खर्च, प्रत्येक मशीनचा वेगळा. भाडं जागेच्या चौरस फुटांवर वाटा, वीज शक्य तर सबमीटरवर. मग येतो भागाकार, आणि नवी माणसं अडखळतात ती इथेच. व्हीएमसीचा वर्षाचा खर्च १६.८ लाख धरू. दोन शिफ्ट, ३०० दिवस म्हणजे ४,८०० तास. रेट ३५० रुपये. पण ब्रेकडाउन, मटेरियलची वाट बघणं वगैरे वजा जाता मशीन साधारण ७० टक्के, म्हणजे ३,३६० तास चालतं. मग रेट ५००. कोटेशन ५०० नेच करा.

सेटिंगचा, म्हणजे काम सुरू करण्याआधी मशीन त्या जॉबसाठी लावून घेण्याचा, वेळही त्याच जॉबवर टाका. सेटिंग ३ तास, मशिनिंग नगाला अर्धा तास. लॉट ५ नगांचा असेल तर ५.५ तास, नगाला ५५० रुपये पडतात. लॉट ५० चा असेल तर २८ तास, नगाला २८०. परचेसवाला ५० चा रेट मागून ५ ची ऑर्डर देतो, तेव्हा हे गणित खिशात असू द्या.

मंदीत मात्र सांभाळा. काम घटून मशीन २,००० तासच चाललं, तर रेट ८४० होतो. तो कोटेशनला लावलात की उरलेलं कामही जातं. सीएएस-३ (ओव्हरहेडसाठीचं कॉस्ट अकाउंटिंग स्टँडर्ड) नुसार स्थिर उत्पादन ओव्हरहेड नेहमीच्या क्षमतेवर, म्हणजे इथे त्या ३,३६० तासांवरच, आकारतात. असाधारण रिकाम्या वेळेचा खर्च जॉबवर टाकायचा नसतो. महिन्याच्या तक्त्यात तो मी वेगळ्या ओळीत दाखवू लागलो. शेठ वैतागले. ‘कुठल्याच गिऱ्हाइकावर नाही, मग माझ्यावरच का?’ म्हणाले. हो, त्यांच्यावरच. पुढच्या महिन्यापासून त्या रिकाम्या तासांसाठी ते स्वतः जॉबवर्क शोधायला लागले.