आधी तिथी, मग तारीख : मुंबईत कोळी-वारली कलामेळा भरवायचा तर

मुंबईत कोळी आणि वारली कलेचा मेळा भरवायचं ठरलं की पहिला फोन मंडपवाल्याला जातो. तो सगळ्यात शेवटी करा. यादीतलं पहिलं काम म्हणजे ज्यांची कला आहे त्यांच्या दारात जाऊन बसणं, आणि तेही तारीख न ठरवता. वरळी, वेसावे, माहीम, खारदांडा, ज्या कोळीवाड्याला बोलवायचं असेल तिथल्या जमातीच्या पंचांना भेटा, पण बाजारात बसणाऱ्या बायकांना वेगळं भेटा. पुष्कळ गोष्टी त्यांच्या हातात असतात आणि बैठकीला मात्र त्या नसतात. आरेच्या पाड्यांवर जा, डहाणू-तलासरीकडे जा. एका फेरीत काही ठरत नाही, म्हणून निदान तीन महिने हाताशी ठेवा. ‘आम्ही असा कार्यक्रम ठरवलाय, तुम्ही या’ असं म्हणत गेलात तर ते येतीलही, पण पाहुण्यासारखे येतील. ‘असं काही करावं का, आणि कसं?’ असं विचारलंत तर मेळा त्यांचा होतो.

तारीख ठरवताना सुट्टीचा रविवार पाहण्याआधी तिथी पाहा. डोल जाळ्याची, म्हणजे समुद्रात एका जागी रोवलेल्या पिशवीसारख्या जाळ्याची, मासेमारी पाण्याच्या ओढीवर चालते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, ओढ जोरात असते, तेव्हा डोलवाले समुद्रात असतात. अष्टमीच्या आसपास भांग असते, म्हणजे भरती-ओहोटी लहान होते, ओढ मंदावते, होड्या किनाऱ्याला लागतात आणि माणसं जाळी दुरुस्त करत घरी सापडतात. म्हणजे मेळा भांगेच्या दिवसांत हवा. ट्रॉलरवाले दिवसचे दिवस बाहेर असतात, त्यांचं वेळापत्रक निराळं, त्यांना स्वतंत्र विचारा. कार्यक्रम वाळूवर असेल तर जुना आडाखा कामाला येतो : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि भर दुपारी ओहोटी. भांगेची भरती फार वर चढतही नाही. नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातून पक्की करून घ्या, पण कोळीवाड्यात बोलताना तिथीनेच बोला. समोरचा माणूस लगेच मोकळा होतो.

१ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, म्हणून तेव्हा मेळा घ्यावा असं काहींना सुचतं. ते सोडून द्या. तेव्हा पाऊस असतो, आणि डहाणूकडे भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, चालू असते, वारली घरातला एकही हात रिकामा नसतो. नारळी पौर्णिमा कोळीवाड्याची स्वतःची, ती त्यांच्याकडेच राहू द्या. हवं तर आपण तिथे जावं. तसंच ९ ऑगस्टचं. १९८२ साली त्या दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या मूळनिवासी लोकसमूहांवरच्या कार्यगटाची पहिली बैठक भरली होती, त्यावरून १९९४ मध्ये तो जागतिक दिन ठरला. शहरातल्या संस्थांना नेमका तोच दिवस हवा असतो. पण पालघर जिल्ह्यात त्या दिवशी आदिवासी दिनाच्या मिरवणुका निघतात, गावंच्या गावं रस्त्यावर असतात. आपल्या सभागृहासाठी माणसांना त्यांच्या सणातून उठवून आणणं मला पटत नाही. भात घरात आल्यावर, थंडीतली एखादी अष्टमी सगळ्यांना सोयीची पडते. कोळीवाड्यांत ख्रिस्ती कोळी कुटुंबंही आहेत, तेव्हा नाताळचे दिवस टाळा.

पत्रिकेचा मजकूर छापण्याआधी दोन्ही बाजूंना वाचून दाखवा. ‘आदिवासी’ हा शब्द सरसकट वापरला जातो आणि तिथे गफलत होते. महाराष्ट्रात अनुसूचित जमातींच्या यादीत वारली आहेत, महादेव कोळी आणि मल्हार कोळीही आहेत. मुंबईचे सोनकोळी, म्हणजे समुद्रावर मासेमारी करणारे कोळी, त्या यादीत नाहीत, पण या बेटांचे जुने रहिवासी तेच. त्यांना काय म्हणवून घ्यायचं आहे ते त्यांनाच विचारा आणि तोच शब्द छापा. वारली म्हणजे लांबून येणारे, असंही लिहू नका. आरे आणि राष्ट्रीय उद्यानाच्या पाड्यांवर पिढ्यानपिढ्या वारली राहतात, तिथे वाघोबाचं स्थान आहे, दिवाळीच्या तोंडावर वाघबारस होते. ते मुंबईकरच आहेत, आणि मेळ्यात ही गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहायला हवी.

आता भिंत. या यादीत सर्वांत जास्त वेळ भिंतीला द्या, कारण वारली चित्र ही मुळात भिंतीची गोष्ट आहे. शहरातला नेहमीचा उपाय म्हणजे सिमेंटच्या भिंतीला गेरूच्या रंगाचं डिस्टेंपर मारायचं आणि पांढऱ्या रंगाची बादली हातात द्यायची. कायमचं भित्तिचित्र हवं असेल तर तसं करावंच लागतं, त्यात कमीपणा काही नाही. पण मेळ्यात निदान एक भिंत कुडाची असावी. कारवीच्या किंवा बांबूच्या काड्यांचा साधारण सहा फुटी कूड चौकटीत बसवून घ्या आणि माती-शेणाने लिंपून घ्या. लिंपण्याचं काम आदल्या दिवशी नको, चार दिवस आधी, नाहीतर ओल राहते आणि वाळताना भेगा पडतात. हे काम पाड्यावरच्या बायकांना सांगा आणि त्याची मजुरी वेगळी द्या, चित्राच्या मानधनात धरू नका. मग गेरूचा हात. पांढरा रंग म्हणजे भिजवून वाटलेला तांदूळ, पाणी आणि थोडा डिंक. कुंचला म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. ओल्या रेघा सुरुवातीला जेमतेम दिसतात. बघणारे विचारतात, काहीच उमटत नाहीये का? दहा-पंधरा मिनिटांत भिंत वाळत जाते आणि एकेक माणूस, टोकाला टोक जोडलेले त्याचे दोन त्रिकोण, मातीतून वर आल्यासारखा पांढरा होतो. मुलांना जवळ बसवा ती याच वेळेला. त्या भिंतीभोवती दोरी लावू नका.

काय काढायचं हे मात्र आपण सांगायचं नाही. लग्नचौक हे लग्नाचं चौकोनी चित्र सवाशिणींनी लग्नघरात काढायचं, त्यात पालघट देवी असते, शेजारी देवचौकात पंचशिऱ्या हा पाच डोक्यांचा देव. हे मेळ्यात काढायचं की नाही, हा निर्णय त्यांचा. कोणी काढते म्हणाली तर बरं, नको म्हणाली तर पुन्हा विचारू नका. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशांनी हे चित्र रोजच्या जगण्याकडे नेलं. गंजाडच्या कळंबीपाड्यावर राहणारा हा माणूस लग्नाची वाट न पाहता चित्रं काढत राहिला, २०११ मध्ये पद्मश्री झाला, २०१८ मध्ये गेला. त्यांच्यामुळे शेत, मासेमारी, मुंग्यांची वारुळं, अगदी आगगाडीसुद्धा वारली चित्रात हक्काने येऊ शकते. तेव्हा ‘पारंपरिकच काढा’ असा आग्रह धरू नका.

फ्लेक्स आणि पत्रिकेसाठी चित्र हवं असेल तर ते कलाकाराकडून विकत घ्या आणि खाली नाव छापा. वारली चित्रकलेला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे, पण त्यामुळे इंटरनेटवरून उचललेल्या आकृत्या थांबलेल्या नाहीत. आमच्या पहिल्या वर्षी फ्लेक्स छापणाऱ्याने असंच एक चित्र उचललं आणि जागेत बसेना म्हणून मधला भाग कापला. डहाणूहून आलेले एक आजोबा त्यापुढे बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी मला विचारलं, हे सगळे नाचतायत ते कशावर? फेर होता, पण तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य घेतलेला तारपेवाला नव्हता. तारपा नाचात फेर वाजवणाऱ्याकडे पाठ करत नाही, तो वळेल तसा वळतो, आणि आम्ही नेमका त्यालाच कापून टाकला होता. तेव्हापासून कुठलाही कागद छापायला जाण्याआधी कलाकाराच्या हातात देऊन त्याचा होकार घेते.

तारपा येणार असेल तर मंच नको, मोकळं मैदान हवं. फेर गोल असतो, तो खुर्च्यांसमोर सरळ रेषेत उभा राहत नाही. वाद्य दुधी भोपळ्याचं आणि बांबूचं, सांधे मेणाचे, त्यामुळे दुपारच्या उन्हात किंवा बंद टेम्पोत ठेवायचं नाही. वादक दम न तोडता वाजवतो, तेव्हा ‘अजून पाच मिनिटं’ असं कोणी ओरडू नये यासाठी एक माणूस त्याच्याजवळ उभा ठेवा. किती वाजवायचं ते तो ठरवेल.

परवानग्यांचं थोडक्यात : भिंतीच्या मालकाची लेखी संमती, महापालिकेचं विभाग कार्यालय, पोलीस ठाणं, आणि ध्वनिक्षेपक रात्री १० ला बंद. पैशांचं मात्र सविस्तर बोलून घ्या. प्रवास, जेवण, मुक्काम, सामान आणि मानधन या पाच गोष्टी वेगवेगळ्या लिहा. प्रवासाचे पैसे आधी पाठवा, मानधन त्याच संध्याकाळी द्या. ‘बिल पाठवा, मग बघू’ हे ज्याची मजुरी बुडाली आहे त्याला सांगू नये. विकलेल्या चित्राचे सगळे पैसे चित्रकाराचे, आपण टक्का घ्यायचा नाही. आणि दर मोठ्या अक्षरांत लावून ठेवा, म्हणजे घासाघीस होत नाही.

कोळणींच्या टपऱ्यांसाठी बर्फ, भरपूर पाणी, सांडपाण्याची वाट आणि सावली पाहा. सुका बोंबील आणि जवळा असणार, त्याचा वास येणारच. शेजारच्या इमारतींतून तक्रार येईल, तेव्हा टपऱ्या कोपऱ्यात ढकलू नका. आधीच जाऊन त्या लोकांना आमंत्रण द्या. वलांडीवर, म्हणजे मासे टांगायच्या मांडवावर, बोंबील कसा वाळत घालतात ते दाखवायला एखादी आजी तयार झाली तर तिला मधली जागा द्या. आणि स्वयंसेवकांना कोळी वेश घालून उभं करू नका. ते लुगडं नेसायची रीत ज्यांची आहे, त्या तिथेच असतात.

शेवटचं काम माझ्या सर्वांत जिव्हाळ्याचं. वारल्यांच्या लग्नात गाणी गाऊन लग्न लावणारी धवलेरी असते. किनाऱ्यावरच्या आगरी-कोळी लग्नांत धवला, म्हणजे लग्नाची गाणी, गाणारी धवलारीण असते. एक डोंगराकडची, एक दर्याकडची, आणि शब्द जवळजवळ तोच. दोघींना एकत्र बसवा. त्याला कार्यक्रम म्हणू नका. एक चटई, पाणी, बसलेल्या माणसाच्या तोंडापाशी येईल इतका खाली एक माईक, पुढ्यात वीस-पंचवीस माणसं पुरे. लग्नाची गाणी लग्नाबाहेर गायची का, हे दोघींना आधी वेगवेगळं विचारा. रेकॉर्डिंगचंही तसंच. निवेदक नको, त्या आपापल्या बोलीत बोलतील आणि एकमेकींना समजून घेतील. गेल्या खेपेला हळदीच्या गाण्यावर एक थांबली, दुसरीने पुढची ओळ आपल्या चालीवर उचलली, आणि पुढचा तासभर आम्ही कोणी जागचे हललो नाही. म्हणून या भेटीनंतर वेळापत्रकात काहीही ठेवू नका. फक्त डहाणूच्या शेवटच्या लोकलची वेळ एका माणसाकडे पक्की लिहून द्या, आणि त्याने पाहुण्यांना स्टेशनवर सोडायला जायचं, डब्यात जागा मिळेपर्यंत थांबायचं.