आयरिश टाउनलँडमधली जुनी घरं आणि जमिनी शोधताय? या चुका टाळा

गेली काही वर्षं मी आयर्लंडच्या पश्चिमेला एका खेड्यात राहतोय आणि इथे आल्यापासून मला एक नाद लागलाय, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जुन्या जमिनींची कागदपत्रं उकरायचा. बहुतेक सगळं ऑनलाइन आहे, फुकट आहे, त्यामुळे वाटतं सोपं असणार. पहिल्याच फेरीत तोंडावर आपटलो. शेजारच्या आजोबांना ऐटीत सांगितलं की बघा, १८५५ च्या सरकारी पुस्तकात तुमच्या खापरपणजोबांचं नाव आहे, २३ एकर जमीन होती त्यांची. आजोबांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "त्यांची कुठली रे, त्यांनी फक्त भाडं भरलं." तेव्हापासून ज्या ज्या चुका केल्या त्या लिहून ठेवल्यात, तुम्ही नवीन करा, याच परत नका करू.

टाउनलँडमध्ये टाउन शोधू नका

टाउनलँड म्हणजे स्वतःचं नाव असलेला जमिनीचा सगळ्यात छोटा तुकडा, आपल्याकडच्या शिवारासारखा. अख्ख्या बेटावर असे ६० हजारांच्या वर आहेत. कुठे चार घरं, कुठे चाळीस, कुठे आज एकही नाही, नुसती मेंढरं. नुसतं नाव टाकून सर्च केलं की गोंधळ होतो, कारण किलमोर नावाचे टाउनलँड ढिगाने आहेत आणि गंमत म्हणजे काही ठिकाणी त्याचा आयरिश अर्थ 'मोठं चर्च' आणि काही ठिकाणी 'मोठं रान', इंग्रजीत लिहिताना दोन्हीचं एकच होऊन गेलं. १८३० च्या दशकात ऑर्डनन्स सर्व्हेवाल्यांनी (सरकारी नकाशा खातं) नकाशे काढताना स्पेलिंगं ठरवून टाकली, त्याच्या आधीच्या कागदात तेच नाव चार तऱ्हांनी सापडेल.

म्हणून आधी काउंटी (जिल्हा), मग सिव्हिल पॅरिश (अनेक टाउनलँड मिळून झालेला जुना सरकारी विभाग), मग टाउनलँड असं उतरत यायचं. इथे अजून एक खड्डा आहे. ग्रिफिथचं पुस्तक (वर म्हटलेलं ते सरकारी पुस्तक, कर बसवण्यासाठी केलेली जमिनी-घरांची यादी) सिव्हिल पॅरिशप्रमाणे लावलंय, १९०१ आणि १९११ ची जनगणना इलेक्टोरल डिव्हिजन म्हणजे मतदार विभागाप्रमाणे आणि बाप्तिस्म्याची रजिस्टरं कॅथलिक पॅरिशप्रमाणे. तिन्हींच्या हद्दी वेगळ्या, नावं मात्र कधीकधी तीच. एकात सापडलेला टाउनलँड दुसऱ्यात दिसत नसेल तर तो गायब झालेला नाही, तुम्ही चुकीच्या कपाटात हात घालताय.

नाव दिसलं की मालक समजणं

ही चूक सगळ्यात मोठी, आणि आपण मराठी माणसं ती हमखास करतो कारण डोक्यात सातबारा असतो. ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन, १८४७ ते १८६४ मध्ये रिचर्ड ग्रिफिथच्या देखरेखीखाली झालेलं, हा मालकीचा दाखला नाहीच. तो कर बसवण्यासाठी केलेला हिशोब आहे, कोणत्या जमिनीचं आणि घराचं वर्षाचं मूल्य किती आणि तिथे कोण बसलंय. नावांच्या पहिल्या कॉलममधलं नाव म्हणजे कूळ. शेजारच्या कॉलममध्ये 'इमिजिएट लेसर' म्हणजे ज्याच्याकडून जमीन खंडाने घेतली तो. आणि इथेही थांबा, हा लेसरसुद्धा मालक असेलच असं नाही, बऱ्याच वेळा तो मधला माणूस असतो, ज्याने स्वतः मोठ्या जमीनदाराकडून लांब मुदतीवर जमीन घेतलीय आणि तुकडे करून पुढे दिलीय. मजुराच्या झोपडीपुढे तर लेसर म्हणून शेजारच्या शेतकऱ्याचं नाव असतं, तो शेतकरी स्वतःच कूळ. लेसरच्या कॉलममध्ये 'इन फी' लिहिलेलं दिसलं तरच तिथे बसलेला माणूस मालक धरायचा, आणि साध्या टाउनलँडमध्ये ते क्वचितच दिसतं. १८७० च्या आसपास आयर्लंडमधल्या शेतकऱ्यांपैकी स्वतःच्या जमिनीचे मालक होते जेमतेम ३ टक्के. त्यामुळे पणजोबा मालक निघाले तर आनंद नंतर, आधी परत तपासा.

मग जमीन कुटुंबाच्या नावावर झाली कधी? त्यासाठी ग्रिफिथनंतरच्या रिव्हिजनच्या वह्या बघाव्या लागतात, ज्यांना कॅन्सल्ड बुक्स म्हणतात. यात जुनं नाव खोडून वर नवीन लिहिलेलं असतं, वेगवेगळ्या वर्षांचे बदल वेगवेगळ्या रंगाच्या शाईने आणि बाजूला वर्ष. म्हणून ब्लॅक अँड व्हाइट झेरॉक्स घेऊ नका, रंग गेला की अर्धी गोष्ट गेली. कुठेतरी एल.ए.पी. असा शिक्का दिसेल, तो लँड ॲक्टखाली जमीन विकत घेतल्याचा. १८८५ चा ॲशबोर्न कायदा आणि विशेषतः १९०३ चा विंडम कायदा, यांच्यामुळे सरकारने पैसे पुढे केले आणि कुळांनी जमीनदारांकडून जमिनी घेतल्या. विंडम कायद्यात ३.२५ टक्क्यांनी साडेअडुसष्ट वर्षं हप्ते! म्हणजे ज्याने १९०५ साली सही केली त्याच्या नातवाने ते फेडायचे. शिक्का दिसला की 'मालक झाले' एवढंच लिहून मोकळे होऊ नका, हप्ते चालूच होते.

एक वाक्य रिव्हिजनच्या नावांबद्दल. माणूस मेला की लगेच नाव बदलायचं नाही, कोणीतरी येऊन नोंद करेपर्यंत तेच नाव चालायचं आणि बाप-लेकाचं नाव एकच असेल तर खोडायची गरजच नाही, त्यामुळे एकच मायकेल पन्नास वर्षं जमीन कसताना दिसतो तो खरं तर दोन मायकेल असतो. आपल्याकडेही वारस नोंद न केल्यामुळे मेलेले आजोबा कागदावर जिवंत असतातच की.

ऑफिस म्हणजे कचेरी नव्हे

ग्रिफिथमध्ये 'हाउस, ऑफिसेस अँड लँड' वाचून मला वाटलं होतं की शेतकऱ्याची कचेरी होती. ऑफिसेस म्हणजे गोठा, तबेला, कोठार, डुकरांचं खुराडं. तसंच 'हर्ड्स हाउस' म्हणजे गुरांची जागा नाही तर गुराख्याचं घर, आणि ते दिसलं की समजायचं की ही जमीन बहुतेक चराईला ठेवलीय, माणसं कमी आणि गुरं जास्त.

एकर सगळे सारखे नसतात

ग्रिफिथच्या आधीची यादी हवी असेल तर टाइद ॲप्लॉटमेंट बुक्स आहेत, १८२३ ते १८३७. टाइद म्हणजे प्रोटेस्टंट चर्चसाठी शेतीवर बसवलेली पट्टी, कॅथलिक शेतकऱ्यालाही भरावी लागायची, त्यावरून भांडणं किती झाली असतील विचार करा. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून मी एकदा थाटात लिहिलं की या कुटुंबाची जमीन २० वर्षांत १० एकरांवरून १६ वर गेली, १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळातही भरभराट! काही भरभराट वगैरे नव्हती. टाइदच्या वहीत बऱ्याच ठिकाणी आयरिश एकर आहे, आणि एक आयरिश एकर म्हणजे साधारण १.६२ साधे एकर. जमीन तेवढीच, मोजपट्टी बदलली. म्हणून वाढ-घट सांगण्याआधी टाइदचा आकडा १.६२ ने गुणून बघा. आकडे वाचताना एकर, रूड, पर्च हा क्रम लक्षात ठेवा, ४० पर्चचा एक रूड, ४ रूडचा एक एकर, ते दशांश नाहीत.

आणि टाइदच्या वहीत नाव नाही म्हणजे माणूस तिथे राहत नव्हता असं धरू नका. ती फक्त पट्टी बसलेल्या जमिनीची यादी आहे, भूमिहीन मजूर, दुसऱ्याच्या शेतात बटाट्याचा पट्टा घेऊन जगणारे, हे सगळे त्यातून गळतात. आणि १८४५ पासूनच्या बटाट्याच्या रोगात पहिले मेले किंवा गेले ते हेच लोक. १८४१ ला आयर्लंडची लोकसंख्या ८० लाखांच्या वर होती, १८५१ ला ६५ लाख. म्हणजे ग्रिफिथमध्ये दिसतो तो बहुतेक काउंट्यांत दुष्काळानंतर उरलेला गाव, 'पूर्वापार' वगैरे काही नाही.

एका टाउनलँडमध्ये पाच पॅट्रिक

आडनाव एक, नाव एक, आणि पाच घरं. ग्रिफिथवाल्यांनाही हा त्रास झालाच, म्हणून नावापुढे कंसात वडलांचं नाव किंवा टोपणनाव लिहिलेलं असतं, पॅट्रिक पुढे कंसात ओवेन म्हणजे ओवेनचा पॅट्रिक, कंसात तांबडा असेल तर केसांवरून. इंडेक्समध्ये हा कंस कधीकधी गाळलेला असतो, म्हणून मूळ पानाचा फोटो बघितल्याशिवाय काही ठरवू नका. उलटही होतं, तेच नाव शेजारच्या दोन टाउनलँडमध्ये दिसतं आणि आपण दोन माणसं धरतो. तेव्हा वर्णनाचा कॉलम बघा, एका ठिकाणी घर आणि जमीन आणि दुसऱ्या ठिकाणी नुसतीच जमीन असेल तर बहुतेक माणूस एकच, राहतो इथे आणि चारतो तिथे.

नकाशाच्या आकड्यांचंही बघून घ्या. आकड्यापुढे मोठं ए, बी, सी म्हणजे एकाच कुळाचे सुटे तुकडे, छोटं ए, बी म्हणजे त्या तुकड्यावरची वेगवेगळी घरं. महिरपी कंसाने चार-पाच नावं जोडलेली दिसली तर ती जमीन सामाईक होती, रनडेल म्हणतात त्या पद्धतीला, चांगली-वाईट जमीन पट्ट्यापट्ट्यांनी वाटून घ्यायची आणि घरं एका जागी घोळका करून. तिथे 'याची जमीन नेमकी कुठली' या प्रश्नाला नकाशा उत्तर देणारच नाही, डोकं आपटू नका.

१९०१ चा घर नंबर १९११ मध्ये शोधणं

जनगणनेतला घर नंबर हा पत्ता नाही. पोलीस शिपाई फॉर्म गोळा करत फिरला त्या क्रमाने पडलेला तो आकडा आहे, दहा वर्षांनी दुसरा शिपाई दुसऱ्या टोकाकडून निघाला की सगळं उलटं. ग्रिफिथच्या नकाशातल्या आकड्याशी तर त्याचा काही संबंधच नाही. घर जुळवायचं ते शेजाऱ्यांवरून.

लोक फॉर्म ए उघडतात, कुटुंबाची नावं बघतात आणि बंद करतात. बी-१ उघडा. त्यात भिंती, छप्पर, खोल्या, पुढच्या खिडक्या, आणि घर कोणाच्या जमिनीवर आहे त्याचं नाव. कुटुंबप्रमुखाचं नाव आणि या कॉलममधलं नाव वेगळं असेल तर ते घर दुसऱ्याच्या जमिनीवर होतं, एवढ्या एका ओळीने अख्ख्या घराची परिस्थिती कळते. मार्कांची पद्धतही समजून घ्या, स्लेटच्या छपराला १, गवताच्या छपराला ०, खोल्यांचे आणि खिडक्यांचे वेगळे मार्क, बेरीज करून घराचा वर्ग. म्हणून गवताचं छप्पर दिसलं की लगेच 'गरीब होते' लिहू नका, खोल्या-खिडक्या पुरेशा असतील तर तेच घर दुसऱ्या वर्गात बसतं.

वयावरून माणूस बाद करू नका. १९०१ ला ५५ ची बाई १९११ ला ७१ ची होते आणि आपण म्हणतो ही वेगळी. नाही. जानेवारी १९०९ पासून सत्तरीच्या पुढच्यांना आठवड्याला ५ शिलिंगपर्यंत पेन्शन सुरू झाली, म्हणजे वय वाढवून सांगायचा मोह आलाच, आणि सरसकट जन्मनोंद सुरू झाली होती १८६४ ला, मग कोणाला आपलं वय नक्की ठाऊक असणार.

मधली वर्षं गृहीत धरणं

ग्रिफिथमध्ये कुटुंब आहे, १९०१ मध्ये त्याच आडनावाचं कुटुंब आहे, म्हणजे सलग तिथेच असणार, असं जोडून टाकायचा मोह होतो कारण मधलं काही उरलेलंच नाही. १८२१ ते १८५१ च्या जनगणनेचे फॉर्म बहुतेक १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या सरकारी दप्तरखान्यात जळाले, १८६१ ते १८९१ चे सरकारनेच नष्ट केले. पण डोनेगल काउंटीतल्या डेरीव्हे नावाच्या भागाचं बघा. ग्रिफिथची नोंद होऊन काहीच वर्षं झाली होती, जॉन जॉर्ज अडेर नावाच्या नव्या जमीनदाराने तो भाग विकत घेतला, त्याच्या कारभाऱ्याचा खून झाला आणि ८ एप्रिल १८६१ ला पोलीस बरोबर घेऊन घरं रिकामी करायला सुरुवात झाली, तीन दिवसांत २४४ माणसं बाहेर. आदल्याच दिवशी, ७ एप्रिलला, जनगणना झाली होती. म्हणजे त्या माणसांच्या त्या घरांमधल्या शेवटच्या रात्रींपैकी एक रात्र कागदावर उतरली होती आणि तो कागदही ठेवला नाही. बरेच जण पुढे ऑस्ट्रेलियाला गेले. अशा जागी ग्रिफिथचं पान आणि १९०१ चं पान एका रेघेने जोडलं तर सगळंच चुकेल, मध्ये रिव्हिजनची वही बघितलीच पाहिजे.

आणि तरीही नाव सापडत नसेल तर

आडनावापुढचं ओ' आणि मॅक काढून शोधा, घालून शोधा. १९११ ला काहींनी मुद्दाम आयरिशमध्ये फॉर्म भरले, तिथे सलिव्हनचं ओ सूलवान होतं आणि इंग्रजी स्पेलिंगने सात जन्मात सापडत नाही. सर्चचा नाद सोडून टाउनलँड उघडा आणि घरामागून घर वाचत जा, बहुतेक ठिकाणी वीस-पंचवीसच असतात, अर्ध्या तासाचं काम. आजोबांची एक आत्या मला १९०१ मध्ये मिळतच नव्हती, मी तर 'अमेरिकेला गेली असावी' असं लिहूनही टाकलं होतं. दोन घरं सोडून शेतकऱ्याच्या फॉर्मवर सगळ्यात खालच्या ओळीत होती, वय १५, मोलकरीण.