थर जुळवताना रीसॅम्पलिंगकडे बघा

बांधकामासाठी कुठली जमीन सोडायची आणि कुठली राखायची हे क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये तपासताना आपण उंचीचा आणि जमीन-आच्छादनाचा (कुठे झाडं, कुठे वस्ती) थर एकमेकांवर टाकतो. पडद्यावर ते बिनचूक बसलेले दिसतात, कारण सॉफ्टवेअर फक्त दाखवण्यापुरतं प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याची पद्धत) जुळवून घेतं. गणित मात्र मूळ फाइलवरच होतं. उंचीची फाइल अक्षांश-रेखांशात असेल, तर आडवं अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये धरली जाते, आडव्या अंतराचा आकडा उंचीपुढे नगण्य ठरतो आणि जवळपास सगळा भाग ९० अंशांचा कडा दिसू लागतो! म्हणून उतार काढण्याआधी फाइल त्या भागाच्या यूटीएम झोनमध्ये, म्हणजे मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात, ‘वॉर्प’ (रूपांतर) करून घ्या.

खरी गंमत पुढे आहे. वॉर्पमध्ये रीसॅम्पलिंगची, म्हणजे नव्या चौकटींत जुन्या चौकटींचे आकडे कसे भरायचे याची, पद्धत विचारली जाते. उंचीला शेजारच्या आकड्यांची सरासरी काढणारं ‘बायलिनिअर’ चालतं. आच्छादनाला अजिबात नाही, तिथे सर्वांत जवळचा आकडा तसाच उचलणारं ‘निअरेस्ट नेबर’च हवं. ईएसए या युरोपीय अवकाश संस्थेच्या वर्ल्डकव्हर या आच्छादनाच्या नकाशात आकडे हे नुसते संकेत असतात: १० म्हणजे झाडं, ५० म्हणजे बांधकाम. बायलिनिअरने या दोघांची सरासरी निघाली की ३० येतात, आणि ३० म्हणजे गवताळ जमीन. जंगल आणि वस्तीच्या सीमेवर नसलेलं कुरण उगवतं, आणि नकाशा इतका छान दिसतो की कुणाला शंकाही येत नाही.

आणखी एक. ३० मीटरच्या चौकटींचा उंचीचा थर १० मीटरच्या चौकटींवर आणला म्हणून तपशील वाढत नाही, फाइल तेवढी फुगते. अरुंद ओढ्याकाठचा निर्णय त्यावर घेऊ नका.