प्रश्नमंजुषा रचताना आधी उत्तर, मग प्रश्न

सोसायटीचा गणेशोत्सव, वाचनालयाचा वर्धापनदिन किंवा परदेशातील एखाद्या महाराष्ट्र मंडळाचा मेळावा, अशा निमित्ताने इतिहास, भाषा, पक्षी आणि मसाले या चार विषयांवर तासाभराची प्रश्नमंजुषा घ्यायची असेल, तर आधी उत्तर पक्के करावे आणि मगच प्रश्न लिहायला घ्यावा. उलट क्रमाने गेल्यास प्रश्न सुचतो झकास, पण त्याला दोन-तीन उत्तरे निघतात आणि उरलेला वेळ हुज्जतीत जातो.

हे मी ठेच लागल्यावर शिकलो. एका स्पर्धेत मी भारद्वाजाचे छायाचित्र दाखवले होते: काळे चकचकीत अंग, विटकरी पंख, लालभडक डोळा. एका संघातील आजींनी क्षणात ‘कुंभारकावळा’ असे उत्तर दिले. माझ्या कागदावर ‘भारद्वाज’ एवढेच लिहिलेले असल्याने मी गुण नाकारला. कार्यक्रम संपल्यावर दोघा-तिघांनी सांगितले की या पक्ष्याला कुंभारकावळा म्हणतात, सोनकावळा म्हणतात आणि कोकणात कुकुडकुंभाही म्हणतात. आजींचा संघ तोवर एका गुणाने हरला होता. तेव्हापासून उत्तरपत्रिकेत मी प्रत्येक पक्ष्याची सगळी प्रचलित नावे लिहून ठेवतो, आणि शक्य असेल तेथे नाव विचारण्याऐवजी वेगळे काही विचारतो. तेच छायाचित्र दाखवून ‘हा पक्षी कावळ्याच्या कुळातला की कोकिळेच्या?’ असे विचारल्यास उत्तर एकच येते, कोकिळेच्या, आणि ते ऐकून सभागृहात कुजबुज होते ती वेगळीच. कोकिळेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, ‘कुहू’ अशी साद घालणारा नर असतो. मादी तपकिरी आणि पांढऱ्या ठिपक्यांची असते, आणि तिचे चित्र दाखवल्यास निम्मे संघ गप्प बसतात.

इतिहासाच्या फेरीत खरी अडचण काळाची असते. समजा, रानपिंगळ्यावर प्रश्न करायचा आहे. हे छोटे घुबड १८८४नंतर खात्रीने कोणाला दिसले नव्हते. मधल्या काळातील एक नमुना तर संग्रहालयातून चोरून, चिठ्ठी बदलून पुन्हा मांडलेला निघाला. अखेर नोव्हेंबर १९९७मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, ते पुन्हा सापडले. आता ‘कोणत्या जिल्ह्यात?’ असे विचारले तर आजच्या हिशेबाने उत्तर नंदुरबार, पण तो जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. सापडले त्या दिवशी शहादा धुळे जिल्ह्यात होते. म्हणून प्रश्नात ‘सध्याच्या’ हा शब्द हवा, किंवा जिल्ह्याऐवजी डोंगररांग विचारावी. ‘महाराष्ट्रात जिल्हे किती?’ या प्रश्नाचेही तसेच. २०१४मध्ये पालघर झाल्यावर उत्तर ३६ झाले, आणि जुन्या पुस्तकांतून प्रश्न उचलणारे अजून ३५वरच अडून बसतात.

शकांवरचा प्रश्न मला विशेष आवडतो, कारण तो पाठांतराने सुटत नाही. शिवराज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६चा. त्यात ७८ मिळवले की १६७४ येते. शिवजन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१चा, आणि तेथे मात्र ७९ मिळवावे लागतात, तेव्हा १६३० येते. शक चैत्रात बदलतो आणि इसवी सन जानेवारीत, एवढे ज्याला उमगले त्याला दोन्ही जमते. असा प्रश्न फळ्यावर लिहून दोन मिनिटे द्यावीत.

भाषेच्या फेरीत ‘सर्वांत पहिले’, ‘सर्वांत जुने’ हे शब्द दिसले की लेखणी थांबवावी. पहिला मराठी शिलालेख कोणता, असे विचारल्यास कोणी श्रवणबेळगोळ म्हणेल, कोणी अलिबागजवळचे अक्षी. श्रवणबेळगोळची ओळ नेमकी केव्हा कोरली आणि अक्षीच्या लेखातील शक कसा वाचावा, या दोन्हींवर अभ्यासकांत मतभेद आहेत. त्याऐवजी ‘श्री चावुंडराजें करवियलें’ ही ओळ कोणत्या गावी, कोणाच्या मूर्तीपाशी कोरलेली आहे, असे विचारावे. उत्तर श्रवणबेळगोळ आणि गोमटेश्वर, त्यावर वाद नाही. पोर्तुगिजांकडून आलेले शब्दही हमखास रंगतात: बटाटा, पाव, चावी, पगार, अननस. या यादीत फणस सरकवून द्यावा आणि यादीत न बसणारा शब्द ओळखायला सांगावे. तो संस्कृत ‘पनस’ शब्दातून आलेला आहे.

मसाल्यांची फेरी तोंडी घेऊ नये; ती वाट्यांतून घ्यावी. चार वाट्यांत दगडफूल, जायपत्री, नागकेशर आणि तिरफळ ठेवून प्रत्येक संघापुढून फिरवाव्यात. दगडफूल बोटांत धरले की कागदासारखे कुरकुरते, एक बाजू काळपट, दुसरी फिकट; ते दगडही नाही आणि फूलही नाही, तर शैवाक, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांची एकत्र वाढ आहे, हे सांगितल्यावर रोज फोडणीत घालणाऱ्यांनाही आश्चर्य वाटते. जायपत्री आणि जायफळ एकाच फळातून निघतात, तेव्हा त्यांची जोडी लावायला सांगता येते. तिरफळाचे टरफल बांगड्याच्या आमटीत पडते आणि आतले काळे बी टाकून देतात. चूर्णातल्या त्रिफळ्याशी, म्हणजे हिरडा, बेहडा आणि आवळ्याशी, त्याचा काही संबंध नाही. काळा मसाला आणि गोडा मसाला यांतला फरक मात्र विचारू नये. घराघराचे उत्तर वेगळे असते आणि प्रत्येक घर ठाम असते. सांबाराचे नाव संभाजीराजांवरून पडले, ही तंजावरच्या दरबाराची गोष्टही प्रश्नात घालू नये. ती आख्यायिका आहे, नोंद नव्हे. निवेदनात गंमत म्हणून सांगायला हरकत नाही.

तासाभरासाठी तीस प्रश्न पुरतात, पण लिहावेत पंचेचाळीस. स्पर्धेत भाग न घेणाऱ्या दोघांना ते आधी सोडवायला द्यावेत, त्यांतला एक विदर्भातला आणि एक कोकणातला असेल तर उत्तमच. ज्या प्रश्नावर ते ‘पण आमच्याकडे तर...’ असे म्हणतील, तो काढून टाकावा. बरोबरी झाल्यास निकालासाठी आकड्याचा प्रश्न राखून ठेवावा. उदाहरणार्थ, १६६८मध्ये इंग्लंडच्या राजाने मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला किती पौंड भाड्याने दिले? उत्तर १० पौंड. दोन्ही संघांनी आकडा एकाच वेळी कागदावर लिहून द्यावा आणि जवळचा असेल त्याला विजयी ठरवावे.