मागची खोली काढताय? आधी विटा आणा

दिवाळीच्या आधी ज्यांना मागच्या अंगणातली टिनाची खोली रिकामी करायची आहे त्यांनी कुलूप उघडायच्या आधी विटा आणून ठेवा. सुक्या, पक्क्या विटा, सामानाखाली ठेवायला. झाडू, मास्क, पोती, जुने कपडे हे सगळ्यांनाच सुचतं, ते लिहीत नाही. विटा सुचत नाहीत. आमच्याकडे मागच्या वेळी तेवढ्याच राहिल्या, बाकी खोली अगदी लख्ख झाली होती, संध्याकाळी सगळे दमले आणि सामान सरळ फरशीवर मांडून मोकळे झाले. पावसाळा गेल्यावर आजीची लोखंडी पेटी उघडली तर तळाला बोट लावलं की गंजाचे पापुद्रे निघत होते आणि गौरींच्या साड्यांवर घडीघडीला तांबूस डाग. ते डाग जात नाहीत, सगळं लावून बघितलंय.

इंदूरात जमीन काळ्या मातीची, पाणी धरून ठेवते, ओली झाली की फुगते, सुकली की भेगा, त्यामुळे जुन्या खोल्यांची फरशी तडकतेच आणि तिथून ओल आणि वाळवी दोन्ही वर येतात. वरून पत्रा गळत नसला तरी येतात. म्हणून प्रत्येक पेटीखाली चार विटा, रॅकच्या प्रत्येक पायाखाली एक, आणि मोजून झालं की वर अजून थोड्या घ्या, कमी पडतातच. लाकडी सामान असेल तर विटेवर प्लास्टिकचा किंवा टाइलचा तुकडा, कारण वीटही ओल ओढते. आणि हो, विटेने वाळवी थांबत नाही! ती विटेवरून मातीची बारीक नळी बांधत चढतेच, पण खाली हवा असली की टॉर्च मारून ती नळी दिसते, दिसली की मोडता येते, औषध मारता येतं. फरशीला चिकटलेल्या पेटीखाली काय चाललंय ते कळतच नाही. भिंतीपासूनही चार बोटं सोडा, कारण तेच.

आता वेळ. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, पत्र्याखाली जायचं नाव काढू नका, आणि जूनच्या मध्यानंतर पावसाचा भरवसा नाही, सगळं अंगणात पसरलेलं असताना आला तर काय करणार. नवरात्र आटोपलं की एखादा रविवार, सकाळी लवकर.

त्याच्या आधीच्या आठवड्यात फोन करून घ्या. खोलीत अर्धं सामान काकांचं, आत्याचं, लग्न होऊन पुण्याला गेलेल्या ताईचं असतं. फोटो पाठवा, ठेवायचं की द्यायचं ते लेखी मागा, आणि आईला विचारल्याशिवाय पितळेचं एक भांडंसुद्धा अटालेवाल्याला (भंगारवाल्याला) देऊ नका, पुढची दहा वर्षं ऐकावं लागेल. अटालेवाल्यालाही आदल्या दिवशीच सांगून ठेवा. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी त्याला देऊ नका, नवी घेताना दुकानदार बदल्यात पैसे कमी करतो.

दार उघडलं की लगेच आत शिरू नका. अर्धा तास दार-खिडकी उघडी ठेवा. उंदराच्या लेंड्या असतील तर कोरडा झाडू अजिबात नको, ती धूळ छातीत जाते, आधी ब्लीचिंगचं पातळ पाणी शिंपडा, भिजू द्या, मग पुसा. त्या पाण्यात अ‍ॅसिड किंवा टॉयलेट क्लीनर मिसळू नका, विषारी वायू होतो, बंद खोलीत तर फारच वाईट. पोत्यांमागे, जुन्या बुटांत, कौलांच्या चळतीत हात घालायचा नाही, काठीने सरकवायचं, विंचू हमखास असतो. चावलाच तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ एमवायला, म्हणजे महाराजा यशवंतराव या सरकारी दवाखान्यात, न्या, लहान मूल असेल तर एक मिनिट घालवू नका. साप दिसला तर दार ओढा आणि सर्पमित्राला बोलवा.

सगळं बाहेर काढा म्हणजे सगळं, अर्धवट नको. ठेवायचं, द्यायचं, अटाला, कचरा असे ढीग. कचऱ्याच्या गाडीला सहा खाने आहेत हे आपल्याला सांगायला नको, पण जुन्या ट्यूबलाइट आणि सीएफएल फोडू नका, त्यात पारा असतो, त्या आणि कीटकनाशकाच्या बाटल्या, रंगाचे डबे घातक कचऱ्यात वेगळे द्या. मलबा आणि मोडका सोफा त्या गाडीत जात नाही, त्याची वेगळी सोय आधीच करा.

खोली रिकामी असतानाच तडे सिमेंटने भरा, दाराखालची फट बुजवा. पूर्ण सुकू द्या. मग विटा. सामान आत नेण्याआधी विटा मांडून झाल्या पाहिजेत, "आत्ता ठेवू, नंतर खाली सरकवू" असं कोणी म्हटलं तर ऐकू नका, भरलेली पेटी नंतर कोणी उचलत नाही.

पुढचं सोपं आहे. जड खाली, गणपतीची मखर आणि गौरींचे मुखवटे पुठ्ठ्यात नको, झाकणाच्या डब्यात, वर. डब्यांवर नाव दोन बाजूंना. मधे चालायला वाट. कडुलिंबाचा सुका पाला, डांबर गोळ्या, झालं. बल्ब बदला. विटांखाली महिन्यातून एकदा टॉर्च मारा.