चिकटलेला क्लच सोडवायला बसण्याआधी

पावसाळाभर उभी असलेली जुनी जीप किंवा जिप्सी दसऱ्याआधी बाहेर काढायला जावं आणि इंजिन सुरू असताना गिअरच पडू नये, हे मुंबईत नवीन नाही. जून ते सप्टेंबर २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात खारी हवा, आणि गाडी कंपाउंडच्या भिंतीला खेटून ताडपत्रीखाली. ताडपत्री वरचं पाणी अडवते आणि खालची ओल कोंडून ठेवते, हे कुणी लक्षात घेत नाही. शेवटच्या ऑफ-रोड ट्रेलला गाडी ओढ्यातून काढून तशीच उभी केली असेल, तर विचारायलाच नको. फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारी जड चकती) आणि तिला दाबून बसणारी क्लच प्लेट यांच्यामध्ये गंज चढतो आणि तव्याला भाकरी धरावी तशी प्लेट धरून बसते. ती सुटायची असेल तर पाच-दहा मिनिटांत सुटते. वेळ खाते ती आधीची तयारी, आणि लोक नेमकी तीच टाळतात.

पहिली तयारी म्हणजे क्लच खरंच चिकटलाय का, याची खात्री. इंजिन बंद ठेवून गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाका, हँडब्रेक सोडा, एकाने क्लच पेडल पूर्ण दाबून धरावं आणि दुसऱ्याने गाडी ढकलून बघावी. गाडी मोकळी सरकली तर क्लच सुटतोय आणि दुखणं दुसरीकडे आहे. अडली, तर लगेच प्लेटवर आळ घेऊ नका. आधी खाली वाकून बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या घंटेसारख्या आवरणाच्या) बाजूने बाहेर आलेला फोर्क, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारा दांडा, बघा. जिप्सीला केबल असते आणि ती आतून गंजून अडकते. जुन्या जीपना दांडे आणि पिना, त्या झिजतात. ऑइलवर चालणारा क्लच असेल तर मास्टर किंवा स्लेव्ह सिलिंडर गळत असतो. या तिन्हीत पेडल दबतं, पण फोर्क जेमतेम हलतो. फोर्क व्यवस्थित हलतोय, ओढ घेतोय, तरीही गाडी अडतेय, तर मग प्लेट चिकटली असं धरायला हरकत नाही. फ्लायव्हीलच्या मधलं पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक ज्यात फिरतं ते) जाम झालं असेल तरी लक्षणं जवळपास हीच दिसतात, पण ते गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय कळत नाही.

खाली वाकलाच आहात तर बेल हाउसिंगच्या तळाशी पाणी जाण्यासाठी ठेवलेलं छोटं भोक शोधा. चिखलात फिरलेल्या गाडीत ते हमखास बुजलेलं असतं. तारेने मोकळं करा आणि काय बाहेर येतं ते बघा. गंजाचं तांबडं पाणी आलं तर निदान बरोबर आहे. काळं ऑइल आलं तर इंजिनाचं मागचं ऑइल सील गेलंय, म्हणजे आज ना उद्या गिअरबॉक्स उतरवावाच लागणार. मग झटके देऊन सोडवण्यात वेळ का घालवायचा?

त्यानंतर ब्रेक, आणि इथे मी अजिबात सवलत देणार नाही. क्लच चिकटलेली गाडी गिअरमध्ये सुरू केली की लगेच चालायला लागते, आणि क्लच पेडल दाबून ती थांबत नाही. जी गाडी चार महिने उभी आहे तिचे ब्रेकही त्याच पावसात होते. ब्रेक ऑइल भरा, पेडल घट्ट लागतंय का बघा, चारही चाकांच्या आतल्या बाजूला गळती आहे का ते टॉर्च घेऊन तपासा. जुन्या डिझेल जीपला इंजिन बंद करायला ओढायचा नॉब असतो. तो ओढल्यावर इंजिन खरंच बंद पडतं का, हे न्यूट्रलमध्ये दोन-तीनदा करून बघा. ही केबलही गंजते. ब्रेक किंवा हा बंद करायचा नॉब यांपैकी एक जरी नीट नसेल तर क्लचचं काम पुढच्या रविवारी.

जागा ही मुंबईतली खरी अडचण. सार्वजनिक रस्त्यावर हा प्रयोग करायचाच नाही. समोर पन्नास-साठ मीटर मोकळी, सपाट, खासगी जागा हवी: ओळखीच्याचं गोडाऊनचं आवार, कारखान्याचं बंद फाटकाआडचं अंगण, नाहीतर वसई किंवा पनवेलच्या पुढे कुणाचा प्लॉट. तिथपर्यंत गाडी ओढत न्यायची नाही, फ्लॅटबेडवर न्यायची. १५ वर्षं उलटलेल्या गाडीचं आरसी नूतनीकरण, विमा आणि पीयूसी झालं आहे का, तेही एकदा बघून घ्या. क्लच सुटल्याच्या आनंदात माणूस थेट हायवेला लागतो. इंजिन मात्र सोसायटीत गरम करणार असाल तर बेसमेंट पार्किंगमध्ये नको. धूर तिथे कोंडतो आणि जिवावर बेततं. उघड्यावर करा, वॉचमनला आणि वरच्या मजल्यावरच्या काकांना आधी सांगून.

सामानात एक भक्कम लाकडी फळी हवी, क्लच पेडल आणि सीटच्या मध्ये अडकवायला. सीटची चौकट गंजलेली असेल तर फळी तिच्यावर न टेकवता सीटच्या बोल्टजवळच्या मजबूत पट्टीवर टेकवा. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी लागेल, कारण गिअरमध्ये स्टार्टर मारताना ती चांगलीच ओढली जाते. चाकांना लावायला लाकडी ठोकळे, आणि एक समजूतदार सोबती. आतमध्ये फवारायला गंज सोडवणारं स्प्रे ऑइल मात्र आणू नका. बोल्टसाठी ते उत्तम, पण क्लचच्या लायनिंगला (प्लेटवरच्या घर्षणाच्या थराला) लागलं की प्लेट सुटते आणि मग आयुष्यभर घसरत राहते.

आदल्या संध्याकाळी इंजिन न्यूट्रलमध्ये वीसेक मिनिटं चालवून चांगलं गरम करा, बंद करा, पेडल दाबून फळी अडकवा आणि झोपायला जा. बऱ्याचदा सकाळपर्यंत प्लेट आपसूक सुटलेली असते. नसेल, तर मोकळ्या जागेत पुन्हा इंजिन गरम करून बंद करा. टू-व्हील (फक्त मागची चाकं), हाय रेंज (रस्त्यावर नेहमी वापरतो ती), दुसरा गिअर, क्लच पेडल पूर्ण दाबलेलं, आणि स्टार्टर. गाडी हिसका देऊन चालू पडेल. पेडल दाबलेलंच ठेवून ॲक्सिलरेटर झटक्याने द्या, सोडा, द्या, सोडा, मग जोरात ब्रेक. सुटताना 'ठक' असा आवाज येतो आणि इंजिन एकदम मोकळं फिरायला लागतं. ऑफ-रोडवाल्यांना लो रेंजचा फार मोह, पण इथे ती उपयोगाची नाही: लोमध्ये चाकांना जोर भरपूर मिळतो, पण ब्रेक मारल्यावर क्लचपर्यंत पोहोचणारा झटका कमी होतो. आपल्याला झटकाच हवा आहे. मागची चाकं उचलून ती गिअरमध्ये फिरवायची आणि ब्रेक मारायचा, असाही उपाय लोक सांगतात. गंजलेली चासी आणि खाली दबणारे पेव्हर ब्लॉक असताना तो मी कुणाला सांगणार नाही.

चार-पाच प्रयत्नांत सुटला नाही तर थांबा. पुढे गिअरबॉक्स आणि जॉइंट तुटतात. म्हणून उतरवण्याची तयारीही आधीच असू द्या. बेल हाउसिंगच्या आणि प्रोपेलर शाफ्टच्या बोल्टवर आठवडाभर आधीपासून रोज थोडं स्प्रे ऑइल मारत राहा. पाने इंची आणि मिलिमीटर दोन्ही ठेवा: माझगावला १९४९ साली विलीज जीप जोडायला सुरुवात झाली, तेव्हाचं इंची माप महिंद्राच्या जीपमध्ये पुढे कित्येक वर्षं राहिलं, आणि त्यावर प्यूजोचं डिझेल इंजिन बसलं ते मिलिमीटरचं. जॅक लावण्याआधी चासीला जागोजागी स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. पापुद्रा सुटून टोक आत गेलं तर तिथे जॅक नाही, स्टँडही नाही. ट्रान्सफर केससकट (फोर-व्हील आणि लो रेंज देणाऱ्या पेटीसकट) गिअरबॉक्स एकट्याने पेलायची वस्तू नाही. ट्रॉली जॅक आणि दोन माणसं हवीत, आणि काढताना-बसवताना त्याचं वजन क्लच प्लेटवर लटकू द्यायचं नाही, नाहीतर नव्या प्लेटचा हब वाकतो. आतली धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा.

स्पेअरसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा ऑपेरा हाउस. जुनी प्लेट पिशवीत घालून न्या, व्यास जुळवा आणि मधल्या भोकातले स्प्लाइनचे दाते मोजून घ्या. 'जीपचीच आहे' एवढ्यावर विश्वास ठेवू नका. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, म्हणून गिअरबॉक्स शुक्रवारी उतरवा, शनिवारी खरेदी. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग आणि मागचं ऑइल सील एकदमच बदला. फ्लायव्हीलला गंजाचे खड्डे असतील तर लेथवाल्याकडून हलका कट मारून घ्या, त्याची वेळ आधी ठरवून.

गिअरबॉक्स न उतरवता क्लच सुटला असेल, तर पहिले काही किलोमीटर तो थोडा थरथरेल, गंज घासून जाईपर्यंत. थरथर तशीच राहिली तर लायनिंगचा तुकडा फ्लायव्हीलला चिकटून सुटलाय, आणि मग गिअरबॉक्स उतरवण्याची वरची सगळी यादी काढावी लागेल. पुढच्या जूनमध्ये गाडी लावताना तीच फळी क्लच पेडलला अडकवून ठेवा, आणि स्टिअरिंगला तशी चिठ्ठी बांधा. घरातला दुसरा कुणी गाडी काढायला गेला तर त्याला कळायला हवं.