‘आठवतंय का?’ असं विचारू नका
ज्येष्ठांचा गट जमला की जुना फोटो पुढे करून ‘हे कोण, आठवतंय का?’ असं विचारू नका. नाव आठवलं नाही की माणूस गप्प होतो. त्याऐवजी सगळ्यांनाच अनोळखी असं एखादं गमतीदार चित्र ठेवा. ‘याला काय नाव देऊया? हा कुठे निघालाय?’ येईल ते उत्तर, अगदी विसंगत असलं तरी, बोलणाऱ्याच्याच शब्दांत फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा, आणि त्यातून जुळत जाणारी सगळी गोष्ट मधूनमधून वाचून दाखवा. अमेरिकेत नाट्य-अभ्यासक अ‍ॅन बास्टिंग यांनी १९९०च्या दशकात स्मृतिभ्रंश झालेल्यांसोबत हीच वाट धरली. गट छोटाच बरा. ऐकू कमी येणाऱ्यांना लिहिणाऱ्याजवळ बसवा. स्पर्धा, बक्षिसं तर मुळीच नकोत. पुढचं चित्र मात्र त्यांच्यापैकीच कुणाला तरी निवडू द्या.